खुर्द्याचा विनियोग

मु. मळवली, ता. मावळ

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, कामशेतहून लोणावळ्याच्या कॉलेजात जाता-येता खिशात साठत गेलेली नाणी आता तुझ्या फडताळातील डब्यात मावेनाशी झाली असून, ती सारी एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यावर एकदम ओतून, नाहीतर पडेल तो बट्टा सोसून, मोकळे व्हावे असे तुझ्या मनात असल्याचे तुझ्या आईने कळविले. तसे करण्यापूर्वी या वडीलधाऱ्याचे चार शब्द लक्षपूर्वक वाच.

प्रथम तुझ्या हक्काविषयी. सन २०११ च्या नाणे अधिनियमान्वये रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी, आणि अर्ध्या रुपयाचे नाणे दहा रुपयांपर्यंत, कायदेशीर चलन आहे. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी मात्र त्याच वर्षीच्या जूनअखेर चलनातून गेली. दहा रुपयांच्या नाण्याविषयी बाजारात वारंवार जो संशय उठतो, त्याचे निरसन रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये, त्या नाण्याचे चौदाही नमुने ग्राह्य आहेत असे जाहीर करून केले आहे. तेव्हा तुझ्या डब्यातील रुपया हा पुरता रुपया असून, त्यावर बट्टा मागण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि तो देण्याचे तुला कारण नाही.

परंतु हक्क असणे निराळे आणि तो कोठे बजावावा याचा विवेक असणे निराळे. पावसाळ्यातल्या रविवारी पर्यटकांच्या गर्दीने गांजलेल्या चिक्कीच्या दुकानात शे-दोनशे नाणी मोजावयास लावणे कायद्यात बसेल, पण सौजन्यात बसणार नाही. उलट, पहाटेच्या फेरीत मोड नसल्यामुळे तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देणारा एस.टी.चा वाहक, किंवा वैशाखात रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणांत करवंदे-जांभळे घेऊन बसलेली आणि शंभराच्या नोटेला सुटे नाहीत म्हणून आलेले गिऱ्हाईक गमावणारी बाई, यांना तुझ्या डब्यातील याच नाण्यांची खरी निकड असते. हल्ली मोबाईलवरून पैसे देण्याचा प्रघात पडला आहे खरा. परंतु ज्यांच्या हाती ते साधन नाही, त्यांचा व्यवहार अद्याप सुट्या पैशांवरच चालतो. आपल्या घरी अडून राहिलेला पैसा दुसऱ्याच्या दारी उणा पडत असतो, ही गोष्ट तुझ्या वयातच ध्यानी यावी अशी माझी फार इच्छा आहे. म्हणून रोज निघताना थोडी नाणी खिशात ठेव आणि भाडे, चहा, भाजी यांचे पैसे नेमके मोजून देत जा.

एवढ्याने डबा रिता होणार नाही. उरलेली नाणी मूल्यवार निवडून शंभर-शंभरांच्या पिशव्या बांध आणि महिन्याच्या मध्यास, निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, बँकेत नेऊन भरणा कर. बँकांच्या शाखांनी नाणी नाकारू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. रुपया-दोन रुपयांची नाणी वजनावरही घेता येतात, तथापि शंभराच्या पिशव्या रोखपाल व गिऱ्हाईक या उभयतांस सोयीच्या पडतील, असे त्या सूचनांतच नमूद आहे. खात्यात जमलेल्या रकमेतून पोस्टात आवर्ती ठेव उघड. दरमहा किमान शंभर रुपये भरले तरी ती पाच वर्षे चालते.

ही रक्कम तुला क्षुल्लक वाटेल, म्हणून ज्या कार्ल्याच्या डोंगराकडे पाहत तू रोज लोकलने जातोस, त्या डोंगरातील चैत्यगृहाचे लेख एकदा सावकाश पाहून ये. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव तेथे ठळक आहे. परंतु आतील खांबांवर धेनुकाकटच्या निरनिराळ्या दात्यांची, त्यांत यवनांचीही, नावे स्वतंत्रपणे कोरलेली आहेत, आणि प्रवेशद्वाराचे दान सिंहदत्त नावाच्या गंधविक्याचे आहे. ज्या उषवदाताने कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक गाव दिले, त्यानेच नाशिकच्या लेण्यांतील भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेविले व मुद्दलास हात न लावता केवळ व्याजावर भिक्षूंच्या वस्त्रादींची तरतूद केली. त्या काळच्या माणसांनी पैसा साठविलाही आणि कामास लाविलाही. अनेकांच्या एकेका खांबातून इतके विशाल कार्य उभे राहिले, कारण आपला वाटा लहान म्हणून तो देण्यास कोणी लाजले नाही.

तेव्हा येत्या रविवारी नाणी निवडावयास बैस, बेरीज वहीत मांड, आणि पहिला भरणा झाला की पावतीची तारीख मला कळव. पुढे हा डबा पुन्हा भरू न देणे, म्हणजे आलेली मोड आठवड्याच्या आत योग्य हाती पोचविणे, हा नेम ठेव. शिक्षण संपून मोठ्या रकमा तुझ्या हाती येतील तेव्हा हीच सवय तुला प्रामाणिक आणि उदार ठेवील, असा माझा दृढ विश्वास आहे.

आईस सांगणे की प्रकृतीस जपावे. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा