अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि आपला कायदा



आजाऱ्यांना भेटायला घरोघरी जातो तेव्हा एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. आई अंथरुणाला खिळलेली, मुलगा-सून दोघे नोकरीला, मुलगी परदेशी. 'अशा माणसांसाठी सरकारचं काहीच नसतं का?'

आहे, पण वाटते तसे नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा केंद्रीय कायदा २००७ साली झाला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम सांगितला आहे. मात्र तिथले शब्द नीट वाचावेत. राज्य सरकार असा आश्रम 'काढू शकेल' असे म्हटले आहे, 'काढलाच पाहिजे' असे नव्हे. त्यामुळे तिथल्या खाटेवर कोणाला हक्क सांगता येत नाही. सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, उत्पन्न कितीही असो. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. घरी ठेवलेल्या ब्युरोच्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. अगदी गरिबांसाठी श्रावणबाळ योजना आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये महिना दीड हजार झाली. शुश्रूषेचा खर्च ज्यांनी केला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

म्हणजे खरा हक्क सरकारी खाटेवर नाही, तो मुलांवर आहे. 'चरितार्थ' या शब्दात कायद्याने अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबर औषधोपचारही धरला आहे. मूल नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार त्या नातेवाईकावर ही जबाबदारी येते. अर्ज प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. महिना १० हजारांपर्यंत रक्कम ठरवून मिळू शकते आणि नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. ज्याला उठवत नाही त्याच्या वतीने त्याने नेमलेली व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. आपल्यापैकी कोणाला हे काम करता येईल.

आता बक्षीसपत्राविषयी. आपल्याकडे घर, वाडी हयातीतच मुलांच्या नावे करून देतात, आणि 'सांभाळणारच आहेत, लिहायचं कशाला' म्हणून कागदावर काही लिहीत नाहीत. पोटच्या मुलाकडून अट लिहून घेणे आईबापांना लाजिरवाणे वाटते, हे आम्ही जाणतो. पण कलम २३ नुसार सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, परत मागता येते. अटीचा पुरावा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने वृद्धांच्या बाजूने अधिक उदार अर्थ लावला, तरी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा एक ओळ लिहिणे सोपे. दुखणे-खुपणे, औषधपाणी आणि अंथरुणाला खिळल्यास शुश्रूषा, हे तीनही शब्द त्या ओळीत असू द्या. लिहून देणाऱ्या मुलांनीही राग मानू नये.

सही झाली असेल आणि अडचण आली असेल, तर १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनवर चौकशी करता येते. जाताना बक्षीसपत्राची प्रत, वयाचा दाखला आणि औषधांच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात. प्रांत कचेरीत त्याच आधी मागतात.