प्रक्रियांचा क्रम आणि वापराचे मापन

लिनक्स प्रणालीत एकाच वेळी शेकडो प्रक्रिया अस्तित्वात असतात आणि प्रोसेसर व मेमरी या मर्यादित साधनांवर त्या सर्वांचा दावा असतो. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे. संगणक मंदावल्यास टर्मिनलवर 'टॉप' ही आज्ञा दिली जाते. तिची यादी सामान्यतः प्रोसेसरच्या वापरानुसार उतरत्या क्रमाने लागते. कॅपिटल 'एम' दाबल्यास क्रम मेमरीनुसार लागतो, कॅपिटल 'पी'ने पूर्ववत होतो.

'पीएस' या आज्ञेलाही असा क्रम लावता येतो. मात्र येथेच अनेकांची गल्लत होते. 'टॉप' मागील नोंदीनंतरच्या काही सेकंदांतील वापर दाखवते, तर 'पीएस' प्रक्रिया सुरू झाल्यापासूनची सरासरी. 99 मिनिटे निष्क्रिय राहून शंभराव्या मिनिटात एक प्रोसेसर पूर्णपणे व्यापणारी प्रक्रिया 'टॉप'मध्ये 100 टक्के दिसेल, 'पीएस'मध्ये अवघा 1 टक्का. अशा वेळी 'पीएस'च्या यादीतील पहिली प्रक्रिया बंद केली, तर निर्दोष प्रक्रियेचा बळी जातो आणि तिच्यातील जतन न केलेले कामही नष्ट होते.

मेमरीचा स्तंभही सावधपणे वाचावा. अनेक प्रक्रिया काही भाग सामाईकपणे वापरतात. तो प्रत्येकीच्या नावे पूर्ण मोजला जातो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या अभ्यासकांना परिचित असलेली दुहेरी मोजणी ती हीच. त्यामुळे स्तंभाची बेरीज प्रत्यक्ष वापरापेक्षा अधिक भरते. प्रोसेसरच्या स्तंभात 100 हून मोठा आकडा दिसल्यास मात्र ती चूक नव्हे : चार गाभ्यांच्या संगणकावर एकच प्रक्रिया 400 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.