समाजमाध्यमांवरील नावलौकिक : काही चुकीच्या समजुती

अलीकडे आपल्या जिल्ह्यात बांधावर उभे राहून मोबाईलसमोर बोलणारा तरुण शेतकरी कोणत्याही तालुक्यात आढळतो. पारनेरचा वाटाणा असो, घोडेगावच्या बाजारातील कांदा असो, राहात्याचा पेरू असो किंवा संगमनेरचे डाळिंब असो, प्रत्येकाचे व्हिडिओ निघत आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि या कामाविषयी काही चुकीच्या समजुती रूढ झाल्या असून त्यांपायी वेळ, पैसा आणि प्रसंगी पीकही वाया जात असल्याचे दिसून येते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे आता या विषयावरही सल्ला मागितला जातो. सबब त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

सर्वांत मोठी समजूत अशी की, पाहणाऱ्यांची संख्या वाढली म्हणजे काम साधले. बियाण्याचे प्रमाण वाढविले म्हणजे उत्पन्न वाढतेच असे नाही, हे आपण जाणतोच. दाट पेरणीत रोपे पुष्कळ दिसतात, पण कणसे भरत नाहीत. राहाता तालुक्यातील एका पेरूबागायतदाराचे उदाहरण माझ्या पाहण्यातील आहे. त्याच्या बागेचा एक व्हिडिओ लाखाहून अधिक लोकांनी पाहिला. पुढील आठ दिवस त्याचा दूरध्वनी सतत वाजत राहिला. परंतु बोलणारे बहुतेक परराज्यांतील होते. कोणी रोपे मागत होते, तर कोणी नुसतेच कौतुक करीत होते. बागेतील पेरू मात्र नेहमीप्रमाणे व्यापाऱ्याकडेच गेला. पुढील बहारात त्याने अहिल्यानगरच्या सावेडी भागातील काही कुटुंबांची यादी केली आणि तोडणीच्या आदल्या दिवशी त्यांना व्हॉट्सॲपवर निरोप देण्याचा प्रघात पाडला. ही कुटुंबे दोनशेसुद्धा नव्हती. पण माल त्यांनीच घेतला. सन 2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांना थेट भाजीपाला पोचविणाऱ्या शेतकऱ्यांचा व्यवहारही अशा ओळखीच्या लहान गटांवरच चालला होता.

येथे एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावयास हवी. व्हॉट्सॲपच्या एका गटात सध्या 1024 सभासद घेता येतात. प्रसारण यादीत मात्र 256 जणांनाच घालता येते, आणि त्यांपैकी ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये नोंदविला आहे त्यांनाच निरोप पोचतो. यादी लांबलचक केली आणि पलीकडे क्रमांकच नोंदविलेला नसला, तर आपण मोकळ्या रानाशी बोलत आहोत असे समजावे. यास्तव ग्राहकाच्या हाती माल देताना आपला क्रमांक त्याच्यासमोरच नोंदवून घ्यावा.

दुसरी समजूत उत्पन्नाविषयीची. वाहिनी सुरू केली की यूट्यूब पैसे देऊ लागते, असे अनेकांस वाटते. जाहिरातींच्या उत्पन्नातील वाट्यासाठी किमान 1000 सभासद आणि मागील 12 महिन्यांत 4000 तास पाहिले गेल्याची नोंद असावी लागते. किंवा लहान व्हिडिओ 90 दिवसांत एक कोटी वेळा पाहिले गेले असावे लागतात. 4000 तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. एका पाहणाऱ्याने सरासरी तीन मिनिटे पाहिले असे धरल्यास व्हिडिओ ऐंशी हजार वेळा पाहिले जावे लागतील. एवढे झाल्यावर केवळ अर्ज करण्याची पात्रता येते. कर्ज काढून कॅमेरा व ड्रोन घेण्यापूर्वी हा हिशेब वहीत मांडून पाहावा, एवढेच सुचवावेसे वाटते.

पैसे देऊन फॉलोअर विकत घेण्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ते निव्वळ पोचट बियाणे होय. अशी खाती कांदा विकत घेत नाहीत, प्रश्न विचारीत नाहीत, आणि हा प्रकार उघडकीस आल्यास यूट्यूब वाहिनी बंदही करू शकते.

प्रसिद्धी मिळाली म्हणजे काम उभे राहते, हीही एक उलटी समजूत. आपल्याच जिल्ह्यातील दोन उदाहरणे पाहावी. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई सोमा पोपेरे यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. घरच्या घरी त्यांनी वाल, भात व भाजीपाल्याच्या गावरान वाणांचे बियाणे जपले. बायफ संस्थेच्या साहाय्याने त्यांची बियाणे बँक उभी राहिली. सन 2018 मध्ये बीबीसीने जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले, तेव्हा या कामाला कित्येक वर्षे लोटली होती. आज त्यांच्यावरील व्हिडिओ असंख्य आहेत. पण आधी मडक्यांतून बियाणे होते, कॅमेरा मागाहून आला. हिवरे बाजारचेही तसेच. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने पाणलोटाची कामे केली, पाण्याचा ताळेबंद मांडला आणि पिके त्याप्रमाणे ठरविली. हे सारे सुरू झाले त्या काळी गावात मोबाईलही नव्हता. सन 2020 मध्ये या दोघांनाही पद्मश्री जाहीर झाली. एकाच जिल्ह्यातील दोघांना एकाच वर्षी हा मान मिळावा, याचा अभिमान येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

आता अधिक गंभीर बाबीकडे वळू. व्हिडिओ जितका आटोपशीर तितका चांगला, असा सल्ला सर्रास दिला जातो. पाहणारा फार वेळ थांबत नाही, हे खरेच आहे. परंतु शेतीच्या शिफारशीत लांबी कमी करताना नेमके काय गाळले जाते, याचा अनुभव मला स्वतःला आला आहे आणि तो सांगण्यात संकोच बाळगणे योग्य होणार नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या रब्बी हंगामात कांद्यावर विद्राव्य खताची फवारणी कशी करावी, यावर मी एक व्हिडिओ केला. एकरी एक किलो खत 200 लिटर पाण्यातून, म्हणजे लिटरला पाच ग्रॅम, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. पुढे त्यातील एक मिनिटाचा तुकडा वेगळा काढला. त्यात ‘एकरी एक किलो’ एवढेच राहिले. पाण्याचे वाक्य कात्रीत गेले. कात्री माझ्याच हातची होती. पारनेर तालुक्यातील एका शेतकऱ्याने तो तुकडा पाहिला. पाठीवरच्या 15 लिटरच्या पंपाने तो एकरास पाचच पंप फवारीत असे. त्याने एक किलोचे पाच भाग केले आणि पंपास 200 ग्रॅम खत टाकले. पंपास 75 ग्रॅम हवे होते. लिटरला पाचाऐवजी तेरा ग्रॅम पडले आणि तेही भर उन्हात. चौथ्या दिवशी मी वावरात गेलो, तेव्हा पातींचे शेंडे करपून पांढरे पडले होते. शेतकरी वयाने माझ्या वडिलांएवढा. तो रागावला नाही. “साहेब, तुम्हीच सांगितलं म्हणून मी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही,” एवढेच तो म्हणाला.

माझ्या सर्व व्हिडिओंत सर्वाधिक पाहिला गेलेला व्हिडिओ तोच होता.

तो मी त्याच दिवशी काढून टाकला व दुरुस्तीचा व्हिडिओ केला. दुरुस्ती फारच थोड्यांनी पाहिली. चूक काढून टाकली म्हणजे मिटली, ही समजूत तेव्हा माझीही होती. व्हॉट्सॲपवर गेलेल्या प्रती मूळ व्हिडिओ काढल्याने नाहीशा होत नाहीत. अफवांना आळा बसावा म्हणून भारतात सन 2018 पासून एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येतो, आणि सन 2020 पासून फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी. याने वेग मंदावतो; प्रसार थांबत नाही.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती आहे की, फवारणी, खत वा औषधाचा व्हिडिओ करताना पीक, पिकाची अवस्था, मात्रा, पाणी आणि पंपाचे माप या गोष्टी एकाच वाक्यात बोलाव्या, म्हणजे कोठेही कापले तरी त्या सुट्या होणार नाहीत. त्याच गोष्टी पडद्यावर ठळक अक्षरांत लिहाव्या. गाव व तारीख सांगावी. कीटकनाशकाच्या बाबतीत डब्यावरील लेबलावर त्या पिकाचे नाव नसेल, तर शिफारस करूच नये.

आणखी एक काळजी घ्यावयाची. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेली रास एका दिवसात उचलावी लागू शकते. टिकटॉकवर 29 जून 2020 रोजी बंदी आली, तेव्हा ग्रामीण भागातील अनेकांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. ज्यांच्याकडे ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक वहीत होते, त्यांचा व्यवहार चालू राहिला. अशी वही ठेवावी. मात्र क्रमांक ग्राहकाच्या संमतीनेच घ्यावे व इतरांस देऊ नयेत.

तो एक मिनिटाचा तुकडा या जानेवारीत पुन्हा माझ्याच मोबाईलवर आला. शेवगावच्या एका शेतकऱ्याने तो पाठवून खाली विचारले होते, “साहेब, यात पाणी किती घ्यायचं ते कळत नाही.” मी त्यांस लागलीच दूरध्वनी केला आणि पंप किती लिटरचा, हे प्रथम विचारले.