शिडी, छप्पर आणि पायथागोरस : चढण्यापेक्षा उतरणे शिकवणारा एक पाठ



मे महिना संपत आला की गावाकडे घरोघरी एकच लगबग सुरू होते. कौले चाळायची, फुटकी बदलायची, पत्र्याचे बोल्ट आवळायचे, पन्हळीतला पाला काढायचा. शहरात गच्चीवरची टाकी धुवायची असते. शाळेत तर वर्षभर चेंडू छपरावर जातच असतो. या सगळ्या कामांत एक वस्तू लागते, शिडी. ती कशी वापरायची हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. बघून बघून शिकलो, एवढेच.

आज या शिडीवरच एक पाठ मांडते आहे. मी तो सातवीच्या पायथागोरसला जोडून घेते. नववी-दहावीला घर्षण आणि त्रिकोणमितीशीही त्याची सांगड घालता येईल. पण आधी हा पाठ मला का सुचला ते सांगते.

"शिडी धर गं!"

मी तेव्हा सातवीतच होते. आमचे घर कौलारू. मागची बाजू उतारावर असल्यामुळे तिथली वळचण जमिनीपासून चांगली बारा फूट उंच. आबा दरवर्षी स्वतः घर शाकारायचे. घरची बांबूची शिडी साधारण तेरा फुटांची, म्हणजे तिचे वरचे टोक जेमतेम कौलाच्या कडेला लागायचे. मी खाली उभी राहून शिडी धरायची, हे माझे ठरलेले काम.

त्या संध्याकाळी आबा वर होते आणि मी पाणी प्यायला दोन मिनिटे घरात गेले. आबा उतरायला आले. पाठमोरे होऊन, कौलाच्या कडेला धरून त्यांनी पायानेच वरची पायरी चाचपली आणि सगळा भार तिच्यावर टाकला. शिडीचा खालचा बूड ओल्या अंगणातून मागे सरकला. आबा वाचले, पण टाच मोडली. तो सगळा पावसाळा ते खाटेवर होते आणि शेती दुसऱ्यांच्या भरवशावर.

आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण "मी तिथे असते तर" हे वाक्य कितीतरी वर्षे माझ्या डोक्यात होते. पुढे शिक्षिका झाले. एकदा फळ्यावर ५, १२, १३ चा त्रिकोण काढत असताना हात थांबला. बारा फुटांची वळचण, तेरा फुटांची शिडी. म्हणजे शिडीचा बूड पाच फूट लांब होता! ती आमचीच शिडी होती. आणि चूक पाणी प्यायला गेलेल्या मुलीची नव्हती, शिडी लावण्याची होती. कशी, ते पुढच्या गणितात येईलच.

भाग १ : गणितातली शिडी आणि अंगणातली शिडी

पायथागोरसचे प्रमेय शिकवताना आपण असे उदाहरण हमखास देतो: १० मीटर लांबीची शिडी ८ मीटर उंचीच्या खिडकीला टेकली आहे, तर शिडीचा पाया भिंतीपासून किती दूर? उत्तर ६ मीटर. मुले पटकन काढतात, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. पण थांबा. आता मुलांना विचारा, "या शिडीवर तुम्ही चढाल का?"

सुरक्षित शिडीचा जगभर वापरला जाणारा नियम सोपा आहे: चार वर, तर एक बाहेर. शिडी जिथे टेकते ती जागा जमिनीपासून ४ फूट वर असेल तर बूड १ फूट बाहेर, १२ फूट असेल तर ३ फूट बाहेर. असे केले की शिडी जमिनीशी सुमारे ७५ अंशांचा कोन करते. जास्त उभी लावली तर माणसासकट मागे उलटण्याची भीती, जास्त तिरकी लावली तर बूड सरकण्याची भीती.

आता फळ्यावर हा तक्ता मुलांकडूनच भरून घ्या. उंचीला पायाच्या अंतराने भागायचे. उत्तर ४ च्या जवळ आले तर शिडी ठीक.

- ३, ४, ५ (आणि ६, ८, १०) : ४ ÷ ३ = सुमारे १.३. फारच तिरकी. कोन सुमारे ५३ अंश.
- ५, १२, १३ : १२ ÷ ५ = २.४. अजूनही तिरकी. कोन सुमारे ६७ अंश.
- ७, २४, २५ : २४ ÷ ७ = सुमारे ३.४. बरीच जवळ. कोन सुमारे ७४ अंश.

म्हणजे पुस्तकी गणितात सोयीच्या पडणाऱ्या पहिल्या दोन्ही शिड्या प्रत्यक्षात धोक्याच्या! माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे उत्तर बरोबर आणि माणूस खाली?" यापेक्षा चांगला सारांश मलाही जमला नसता.

भाग २ : ती वर गेल्यावरच का सरकते?

"चढताना तर काही झालं नाही, वर पोचल्यावरच घसरली," असे आपण ऐकतो. याचे कारण आहे. माणूस जितका वर, तितका शिडीच्या बुडावर बाहेर ढकलणारा जोर जास्त. अंगणाचे घर्षण त्या जोराला पुरले तर शिडी टिकते, नाही पुरले की सरकते.

ढोबळ हिशेब करू. वरच्या टोकाचे घर्षण आणि शिडीचे स्वतःचे वजन सोडून देऊ. ६५ किलोचा माणूस शिडीच्या अगदी टोकाला असेल तर,

- ४ ला १ या बेताने लावलेल्या शिडीचा बूड ६५ ÷ ४, म्हणजे सुमारे १६ किलोच्या वजनाइतक्या जोराने बाहेर ढकलला जातो.
- ५, १२, १३ च्या शिडीत ६५ × ५ ÷ १२, म्हणजे सुमारे २७ किलो.
- ६, ८, १० च्या शिडीत ६५ × ६ ÷ ८, म्हणजे जवळजवळ ४९ किलो!

आमच्या अंगणातले ते २७ किलो. त्यात जमीन ओली. अशी अचानक निघालेली शिडी सातवीतली पोर थांबवू शकत नाही. उलट शिडी आणि माणूस दोन्ही तिच्याच अंगावर येतात.

कृती (वर्गात, दोन-दोनच्या जोडीने)

साहित्य: ३० सेंमीची पट्टी, कपड्यांचे दोन-तीन चिमटे, गुळगुळीत टेबल, टेकू म्हणून उभा धरलेला कंपास किंवा जाड पुस्तकांची चळत.

१. पट्टीचे खालचे टोक टेकूपासून सुमारे ७ सेंमीवर ठेवा. चिमटे आधी खाली, मग मध्ये, मग वर लावा. काय होते ते वहीत लिहा.
२. आता खालचे टोक १८ सेंमीवर ठेवा (हा ६, ८, १० चाच त्रिकोण आहे, तिप्पट करून). पुन्हा तेच करा. बहुतेक वेळा पट्टी नुसतीच घसरते. टिकलीच तर चिमटे वर सरकवत न्या.
३. आता पट्टीखाली खोडरबर ठेवून बघा. चांगल्या शिडीच्या पायाला रबर का असते, हे मुले आपणहून सांगतात.

भाग ३ : शिडी किती लांब हवी?

आमच्या शिडीची दुसरी चूक म्हणजे ती छपराच्या कडेलाच संपत होती. छपरावर चढायचे असेल तर शिडी कडेच्या वर किमान ३ फूट निघालेली हवी. हे तीन फूट चढण्यासाठी लागत नाहीत, हाताला धरण्यासाठी लागतात. छपरावर असताना पाय पायरीवर टाकायच्या क्षणी दोन्ही हातांत काहीतरी पक्के हवे, आणि कौलाची कड ही पक्की वस्तू नाही.

मुलांना हिशेब द्या: वळचण १२ फूट, बूड ३ फूट बाहेर. कर्ण = √१५३, म्हणजे सुमारे १२.४ फूट. वर ३ फूट धरून साडेपंधरा. म्हणजे १६ फुटांची शिडी लागेल. गच्चीला कठडा असेल तर उंची कठड्याच्या माथ्यापर्यंत मोजायची.

इथे एक चूक मोठी माणसेही करतात. बूड भिंतीपासून मोजायचा नाही. छप्पर भिंतीच्या पुढे आलेले असते. शिडी जिथे टेकते त्याच्या बरोबर खालून मोजायचा. कोकणात ही खूण निसर्गच काढून देतो. पागोळ्यांनी अंगणात पाडलेली रेघ हीच ती जागा.

मोजपट्टी नसेल तर: शिडीच्या पायांना आपल्या पायांची बोटे लावून ताठ उभे राहा, हात खांद्याच्या उंचीवर समोर सरळ करा. तळवे पायरीवर सहज टेकले तर कोन बरोबर.

भाग ४ : चढणे आणि उतरणे, क्रमाने

*चढण्यापूर्वी*

१. शिडी तपासा. बांबूला भेग किंवा कीड, सैल पायरी, कुजलेला सुंभ, वाकलेला अ‍ॅल्युमिनियमचा दांडा, झिजलेले रबर, यांतले काहीही दिसले तर त्या दिवशी काम नाही. लाकडी शिडीला रंग देऊ नका, रंगाखाली भेगा लपतात.
२. वर बघा. विजेची तार जवळ असेल तर धातूची शिडी नकोच. ओल्या बांबूतूनही वीज वाहते. तारेपासून किमान ३ मीटर दूर राहा, आणि शिडी उभी करताना कलंडली तरी तारेला लागणार नाही अशीच जागा निवडा.
३. जमीन कोरडी, घट्ट, सपाट हवी. नुकतेच सारवलेले अंगण, शेवाळलेला चिरा, ओली शहाबादी फरशी नको. एका पायाखाली वीट घालून समतोल साधू नका. उंच बाजूची माती थोडी खणून घ्या.
४. वरचे टोक पन्हळीवर, प्लास्टिकच्या पत्र्यावर किंवा कौलाच्या तोंडावर टेकवू नका. वाशांसारखा भक्कम आधार शोधा.
५. वरचे टोक दोराने वाशाला बांधा. बांधणारा वर जाईपर्यंत आणि शेवटी दोर सोडून खाली येईपर्यंत एका मोठ्या माणसाने खाली शिडी धरावी.

*चढताना*

६. तोंड शिडीकडे. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी शिडीवर. हलवायचा तो एकच.
७. हातात काही नको. कौले, हातोडा बादलीत घालून दोराने मागून ओढून घ्या. शिडीवर एका वेळी एकच माणूस.
८. पोट दोन दांड्यांच्या मध्ये राहू द्या. "एवढं एकच हाताला आलं की झालं" म्हणून बाजूला झुकणे हा पडण्याचा हमखास मार्ग. खाली या, शिडी सरकवा, पुन्हा चढा.
९. छपरावर जाताना शिडीचा माथा ओलांडू नका. वर निघालेले दांडे धरून बाजूने पाऊल टाका.

*छपरावर*

१०. सिमेंटचे जुने पत्रे आणि उजेडासाठी बसवलेले प्लास्टिकचे पत्रे माणसाचा भार घेतीलच असे नाही. खालच्या आडव्या आधारांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच वावरा. ओल्या छपरावर चढूच नका.

*उतरताना (हा भाग मुलांकडून तोंडी म्हणून घ्या)*

११. आधी शिडी हलवून बघा. सरकलेली वाटली तर छपरावर बसून राहा आणि हाक मारा. बसून राहण्यात कमीपणा नाही.
१२. वर निघालेले दोन्ही दांडे धरा. मग शिडीकडे तोंड करा. एक पाय पायरीच्या मध्यावर, भार हळूहळू त्याच्यावर. मग दुसरा पाय.
१३. घाई नको. शेवटची पायरी समजून मधूनच जमिनीवर पाय टाकणारेही पडतात. खाली बघून उतरा.

पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी दोन शब्द

पालकहो, शिडी धरायला मुलाला उभे करू नका. त्याचे वजन पुरत नाही, आणि पडणारे कौल आधी त्याच्याच डोक्यावर येते. शेजाऱ्याला हाक मारा. तो येईपर्यंत चहा घ्या. शिवाय जर काही झालेच, तर ते मूल आयुष्यभर स्वतःला दोष देत राहते. हे मी वाचून सांगत नाही.

शिक्षक बंधूभगिनींनो, छपरावर गेलेला चेंडू, टाकीतला गाळ, पन्हळीतला पाला यासाठी विद्यार्थ्याला वर पाठवायचे नाही, "तो चपळ आहे" म्हणूनही नाही. आमच्या वर्गात नियम आहे: चेंडू वर गेला की बाईंना सांगायचे आणि दुसरा खेळ सुरू करायचा. या नियमासाठी वर्गात एक जादा चेंडू ठेवावा लागतो, बस.

गृहपाठ

घरातल्या शिडीची लांबी मोजा. ती ४ ला १ या बेताने लावली आणि वर ३ फूट सोडले, तर जास्तीत जास्त किती उंच छपरासाठी चालेल? उत्तर घरातल्या मोठ्यांना दाखवून त्यांची सही आणा. (चढायचे नाही, फक्त मोजायचे.)

गेल्या वर्षी एक मुलगी उत्तर घेऊन आली, "बाई, आमची शिडी तीन फूट कमी पडते. पप्पांनी नवीन आणायचं ठरवलंय." मी तिच्या वहीत बरोबरची खूण केली. घरी गेल्यावर आबांना सांगितले. आता ते थकलेत, टाच अजून थंडीत दुखते. ऐकून हसले आणि म्हणाले, "तेव्हा का नाही गं सांगितलंस?"

तेव्हा मला कुठे माहीत होते! म्हणून आता सांगते आहे. पावसाआधी एकदा तुमची शिडी मोजून बघाल ना?