उलानबातरचा हिवाळा, दोघांचा

प्रश्न : आम्ही नवरा-बायको स्वयंसेवक म्हणून मंगोलियाला चाललो आहोत. थंडी झेपेल का?

उत्तर : नक्की झेपेल. जानेवारीच्या रात्री उलानबातरला पारा उणे 30च्या आसपास जातो, पण इमारतींत गरम पाण्याच्या नळ्यांची ऊब असते. हवा मात्र इतकी कोरडी की ओठ फुटतात; धुतलेले कपडे खोलीतच वाळत घाला. अंगालगत सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं; लोकरीचं घाला. मला जास्त काळजी वाटते ती कोळशाच्या शेगड्यांच्या धुराची. चांगले मास्क न्याच. कुणाच्या गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, शिरताना उंबऱ्यावर पाय देऊ नका; हे आपल्याला आजीनंच शिकवलंय! आणि बाहेर असताना एकमेकांचे चेहरे बघत राहा. नाकाचा शेंडा पांढरा पडला तर ज्याचा त्याला कळत नाही. दिसला तर चोळू नका, लगेच आत जा.