व्हायरस गेला, मग फायली का उघडत नाहीत?

प्रश्न : थोरल्या मुलीच्या लग्नाचा अल्बम घरीच करू म्हणून मुलाने फोटो सुधारण्याचं एक महागडं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून कॉम्प्युटरवर टाकलं. तासाभरात सगळ्या फोटोंच्या आणि व्हिडिओंच्या नावांना चार अक्षरांचं भलतंच शेपूट लागलं आणि फोल्डराफोल्डरात ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी आली : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९० डॉलर चालतील. दुरुस्तीवाल्याने अँटिव्हायरस चालवला आणि मशीन साफ झालं म्हणाला. तरी एकही फोटो उघडत नाही. आता तो फॉरमॅट मारू या म्हणतोय. व्हायरस निघाला असेल तर फायली पूर्ववत का होत नाहीत?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी फॉरमॅट थांबवा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

तुमचा दुरुस्तीवाला खोटं बोलत नाहीये. मशीन खरोखर साफ झालं असेल. पण व्हायरस काढणं आणि फायली सोडवणं ही दोन निराळी कामं आहेत, आणि पहिलं झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. अगदी पहिल्या रॅन्समवेअरच्या, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या, वेळीही हेच होतं. डिसेंबर १९८९ मध्ये जोसेफ पॉप या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने एड्सची माहिती देणाऱ्या म्हणून सुमारे २० हजार फ्लॉप्या टपालाने पाठवल्या. ती फ्लॉपी वापरली की पुढे साधारण नव्वदाव्यांदा कॉम्प्युटर सुरू होताना फायलींची नावं विस्कटायची आणि पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर १८९ डॉलर पाठवा असा मजकूर यायचा. जिम बेट्स या ब्रिटिश तज्ज्ञाने त्यावर उतारा म्हणून एक नव्हे, दोन प्रोग्राम लिहिले : एक घुसखोर हुसकायला, दुसरा नावं जागेवर आणायला.

दुसरा प्रोग्राम लिहिता आला तो पॉपच्या कच्चेपणामुळे. त्याने कुलूप लावायची आणि काढायची किल्ली एकच ठेवली होती आणि ती त्याच प्रोग्रामच्या पोटात होती. १९९६ मध्ये अ‍ॅडम यंग आणि मोटी युंग या संशोधकांनी एक इशारेवजा निबंध लिहिला आणि हा कच्चेपणा गुन्हेगार कसा घालवू शकतील ते दाखवून दिलं. आपल्या दाराला दाबून लागणारं कुलूप असतं ना, लावायला किल्ली लागत नाही, काढायला मात्र लागते. तसं गणिती कुलूप वापरायचं. व्हायरसबरोबर फक्त कुलूप येतं, किल्ली गुन्हेगाराच्या घरी राहते. त्यामुळे तुमच्या मशीनवरचा व्हायरस पकडून उभा-आडवा चिरला तरी त्यात किल्ली सापडत नाही. कारण ती तिथे कधी आलेलीच नसते.

चिठ्ठीतल्या रकमांवरून आणि क्रॅकच्या वाटेवरून तुमच्याकडे आलेला प्रकार ‘स्टॉप’ उर्फ ‘डीजेव्हीयू’ या कुळातला दिसतो. बातम्यांत येतात ती रुग्णालयांना आणि कंपन्यांना कोट्यवधी मागणारी रॅन्समवेअर. हे कुळ २०१८ पासून मुख्यतः घरगुती कॉम्प्युटरवर जगत आलं आहे, आणि त्याचं खाद्य म्हणजे क्रॅक, की-जनरेटर आणि विंडोज फुकटात चालू करून देणारे ‘अ‍ॅक्टिव्हेटर’. असं सॉफ्टवेअर टाकताना ‘अँटिव्हायरस आधी बंद करा’ अशी सूचना असते आणि आपण ती निमूटपणे पाळतो. मग पडद्यावर विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवून मागे फायलींना कुलपं लावली जातात. विंडोजने ठेवलेल्या जुन्या छुप्या प्रती पुसल्या जातात. ‘होस्ट्स’ नावाच्या फायलीत फेरफार होतो, म्हणजे मदतीची संकेतस्थळं उघडू नयेत. आणि बहुतेक लोक विसरतात ते हे की याच्यासोबत अनेकदा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रामही येतो. तेव्हा बँक, ईमेल, फेसबुक यांचे पासवर्ड आजच बदला, पण या मशीनवरून नव्हे, दुसऱ्या एखाद्या साफ मशीनवरून किंवा मोबाईलवरून.

आता तुमच्या फायलींचं. या कुळातला व्हायरस कामाला लागला की आपल्या सर्व्हरला विचारून खास तुमच्या मशीनसाठी वेगळी किल्ली ठरवतो. ती ‘ऑनलाइन’ किल्ली. सर्व्हर लागलाच नाही तर सोबत आणलेली एक ठरावीक किल्ली वापरतो. त्या उपप्रकाराने गाठलेल्या सगळ्यांसाठी ती सारखीच असते. ही ‘ऑफलाइन’ किल्ली. सी ड्राइव्हवर ‘सिस्टिमआयडी’ नावाचं फोल्डर तयार झालं असेल, त्यातल्या ‘पर्सनलआयडी’ या फायलीत लांबलचक क्रमांक आहे. तो ‘टी१’ने संपत असेल तर तुमची किल्ली ऑफलाइन आहे, आणि दुसऱ्या कुणामार्फत ती हाती लागली असेल तर एम्सिसॉफ्ट या कंपनीचं मोफत साधन तुमच्या फायली उघडू शकतं. मायकेल गिलेस्पी या संशोधकाच्या साह्याने त्यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये जुन्या १४८ उपप्रकारांवर उतारा दिला होता. त्यानंतरच्या उपप्रकारांना ऑनलाइन किल्ली लागली असेल तर मात्र आज उपाय नाही. फॉरमॅट मारला की हा क्रमांकही जातो आणि चिठ्ठीही, म्हणून सुरुवातीलाच तुम्हाला अडवलं.

कुलूपबंद फायली, चिठ्ठी आणि ते फोल्डर एका हार्ड डिस्कवर काढून कपाटात ठेवा. ही डिस्क कोरी घ्या; जुने फोटो असलेली जोडू नका, कारण हा व्हायरस दर पाच मिनिटांनी जागा होणारं एक काम मागे ठेवतो आणि नंतर जोडलेल्या डिस्कलाही कुलपं लावतो. मशीन साफ आहे हे दुरुस्तीवाल्याचं म्हणणं मी तेवढ्यावर सोडणार नाही. कुलूपबंद फायलींतून व्हायरस पसरत नाही, त्या खुशाल ठेवा. आणि त्या ठेवण्याला अर्थ आहे. मे २०१६ मध्ये ‘टेस्लाक्रिप्ट’ या रॅन्समवेअरची टोळी गाशा गुंडाळत होती, तेव्हा ईसेट या कंपनीच्या एका संशोधकाने त्यांच्याच मदतकक्षात जाऊन मास्टर किल्ली मागितली आणि त्यांनी ती देऊन टाकली, वर दिलगिरीही व्यक्त केली! ज्यांनी फायली सांभाळून ठेवल्या होत्या त्यांच्या फायली उघडल्या. ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर असे मोफत उतारे जमा होतात. डच पोलीस आणि युरोपोल यांनी दोन सुरक्षा कंपन्यांबरोबर ते २०१६ मध्ये सुरू केलं. दर दोन-तीन महिन्यांनी तिथे डोकावत राहा.

तुमच्या बाबतीत आणखी एक आशा आहे. घाई असल्यामुळे डीजेव्हीयू प्रत्येक फायलीचे पहिले १५० केबीच बिघडवतो. छोटं वर्ड डॉक्युमेंट त्यात पूर्ण बुडतं, पण लग्नाचा दोन जीबीचा व्हिडिओ जवळपास शाबूत असतो, फक्त त्याचं डोकं गेलेलं असतं. त्याच कॅमेऱ्याने काढलेला एखादा धडधाकट व्हिडिओ नमुना म्हणून दिला की दुरुस्तीची साधनं नवं डोकं बसवतात. मोठ्या फोटोंचंही असंच, वरचा पट्टा जातो आणि खालचं चित्र मिळतं. कामाला लागण्याआधी मूळ कुलूपबंद फायलीची प्रत करून प्रतीवरच प्रयोग करा. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड अजून वापरलं नसेल तर ते तसंच बाजूला ठेवा. पुसलेले फोटोही ‘फोटोरेक’सारख्या मोफत साधनाने कार्डातून परत येतात. फोटोग्राफरला, करवल्यांना, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मामे-मावस भावंडांनाही विचारा. हे उपाय बिनपैशाचे आहेत आणि माझ्या मते ४९० डॉलरपेक्षा भरवशाचे.

पैसे देऊ नका. मोफत एक फाइल उघडून दाखवू, असं चिठ्ठीत लिहिलेलं असतं आणि गुन्हेगार ती उघडूनही देतात. पण उरलेल्या उघडतील याची हमी चोराच्या शब्दाएवढीच. ‘शंभर टक्के रिकव्हरी’च्या जाहिरातींपासूनही जपा. अमेरिकेतल्या काही नामांकित रिकव्हरी कंपन्या गुपचूप खंडणीच भरत होत्या आणि वर आपला आकार लावत होत्या, हे प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०१९ मध्ये उघड केलं. तक्रार मात्र राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवा; खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच. क्रॅक वापरला म्हणून शरमेने बरेच जण हे टाळतात.

उतारे शोधून झाले, फायली बाजूला काढल्या, की मग खुशाल फॉरमॅट मारा. नव्याने टाकलेल्या विंडोजइतकं साफ मशीन कुठलाही अँटिव्हायरस देत नाही. नंतर विंडोज सिक्युरिटीत जाऊन ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ सुरू करा. विंडोज १० मध्ये ते २०१७ च्या अखेरीस आलं, पण बंदच असतं. त्यामुळे अनोळखी प्रोग्रामला फोटोंच्या आणि डॉक्युमेंटच्या फोल्डरात लिहिता येत नाही. सुरुवातीला चांगल्या प्रोग्रामनाही ते अडवतं आणि वैताग येतो, तरी बंद करू नका. फायलींची शेपटं दिसतील अशीही सोय करून ठेवा. विंडोज ती लपवतं, म्हणून ‘फोटो.जेपीजी.ईएक्सई’ हे आपल्याला साधा फोटो वाटतं.

प्रश्न : माझं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे. मग वेगळा बॅकअप कशाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कॉम्प्युटरवरचं फोल्डर ड्राइव्हशी जुळवून ठेवलं असेल तर इथली कुलूपबंद फाइल तिथल्या चांगल्या फायलीच्या जागी जाऊन बसते. जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस मिळू शकते, पण हजार फायली एकेक करून मागे न्यायच्या म्हणजे शिक्षाच. बॅकअप तोच, जो एरवी मशीनपासून तुटलेला असतो.

हा धडा मोठ्या कंपन्यांनाही मिळाला आहे. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं आडवं केलं, न्हावाशेवाला जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. नावापुरती खंडणी होती, पैसे भरूनही काही उघडणार नव्हतं. कंपनीची सगळी व्यवस्था ज्यांवर उभी होती, ते जगभरचे सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवायचे, म्हणून एकदमच गेले. वाचला तो फक्त घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. भारनियमनाचे इतके उपकार क्वचितच कुणी मानले असतील.

घरासाठी दोन हार्ड डिस्क घ्या, आलटून पालटून जोडा, प्रत झाली की काढा. एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक घराबाहेर, हा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रुजवला. आणि वर्षातून एकदा तरी त्या डिस्कवरची एखादी फाइल उघडून बघा.

प्रश्न : फायलींची नावं डोळ्यांसमोर बदलताना दिसली तर कॉम्प्युटर बंद करावा का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : कंपनीत असाल तर नेटची वायर काढा आणि तज्ज्ञाची वाट बघा. मेमरीत पुरावे असतात. मे २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरच्या हल्ल्यानंतर एड्रियन गिने या फ्रेंच संशोधकाने विंडोज एक्सपीच्या मेमरीतून किल्लीचे तुकडे परत मिळवून दाखवले, पण मशीन बंद केलेलं नसेल तरच. घरी मात्र असा तज्ज्ञ येणार नसतो आणि प्रत्येक सेकंदाला फायली जात असतात. तिथे पेन ड्राइव्ह आणि नेट काढा, लगोलग वीज तोडा. लॅपटॉप असेल तर पॉवर बटण पडदा काळा होईपर्यंत दाबून धरा. नंतर तो नेहमीसारखा सुरू करू नका, नाहीतर राहिलेलं काम पुढे चालू होईल. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला जोडायची, किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करायचं, आणि न बदललेल्या फायली आधी उचलायच्या.