बाथरूम फोडू नका, आधी सांधे भरा : बंगळुरूकरांसाठी खर्चाचा हिशेब

पंधरा-वीस वर्षं वापरलेल्या बाथरूमची रड बंगळुरात सगळीकडे एकच. टाइल्स पिवळट, नळांवर पांढरा थर, कोपऱ्यात काळी बुरशी. मेस्त्रीला बोलावलं की तो म्हणतो, सगळं फोडून नवं करू. पाच बाय सात फुटांच्या बाथरूमची जमीन ३५ चौरस फूट आणि सात फूट उंचीपर्यंतच्या भिंती सुमारे १५०. टाइल, मजुरी, तोडफोड, राडारोडा उचलणं, वॉटरप्रूफिंग आणि नळजोडणी धरली, तर नळ-कमोड न बदलताही खर्च पन्नास हजारांच्या आसपास जातो. बहुतेक घरांना याची गरज नसते. टाइल सहसा शाबूत असते, झिजलेले असतात ते दोन टाइल्समधले सांधे. स्वतः केलं तर दोन-अडीच हजारांत आणि मेस्त्री लावला तर चार-पाच हजारांत ते नवे होतात.

(इथले दर किरकोळ दुकानातले आणि सुट्या कारागिराचे, ढोबळ आहेत. भागानुसार आणि ब्रँडनुसार ते कमीजास्त होतील.)

सांधे का झिजतात, ते आधी पाहू. शहराच्या बऱ्याच भागांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, आणि ते जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची योग्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. असं जड पाणी वाळलं की क्षार मागे राहतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी पाणीयोजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. तो शहराच्या कडेच्या ११० गावांसाठी आहे. पण तुमच्या इमारतीच्या टाकीत कावेरी आणि बोअर एकत्र होत असेल, तर क्षार यायचेच.

ते घालवायला लोक स्वस्त ॲसिडची बाटली आणतात, आणि नुकसान तिथेच होतं. ॲसिड क्षारांबरोबर सांध्यातलं सिमेंटही खातं. दर महिन्याला ॲसिडने धुतलेल्या बाथरूमचे सांधे बोटाने उकरता येतात. त्यातून पाणी टाइलखाली उतरतं आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार घेऊन येतात. शिवाय ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ही दोन्ही एका दिवशी वापरूच नका.

त्याऐवजी सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व आणा. किलोला दीडशे ते अडीचशे रुपये पडतात आणि किलोभर बरेच महिने पुरतं. अर्ध्या लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा, त्यात जुनं फडकं भिजवून नळाला गुंडाळा आणि पंधरा-वीस मिनिटांनी घासून धुऊन टाका. धार बारीक झाली असेल, तर नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि त्याच पाण्यात बुडवून ठेवा. मात्र संगमरवर, कोटा आणि कडप्पा या चुनखडीच्या जातीच्या दगडांवर हे पाणी पडू देऊ नका. त्यांची चकाकी कायमची जाते.

आता सांधे. आधी रुपयाच्या नाण्याने टाइल्स वाजवून पाहा. एखाददुसरी पोकळ वाजली तर चालेल. ओळीने पोकळ वाजत असतील, किंवा खालच्या छताला ओल आली असेल, तर सांधे भरून भागणार नाही. तिथे मेस्त्रीचंच ऐका आणि आधी गळती शोधून घ्या.

बाकी बाथरूममध्ये जमीन आणि भिंतींचे खालचे तीन फूट एवढंच करा, कारण पाणी मुरतं ते तिथेच. हे क्षेत्र साधारण शंभर चौरस फूट होतं. व्हाइट सिमेंट किलोला तीस-चाळीस रुपयांत मिळतं, पण ते वर्षभरात पुन्हा काळं पडतं. त्यावर मजुरी घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इपॉक्सी ग्राउट किलोला चारशे ते सहाशे. एक फुटी टाइल आणि तीन मिलिमीटरचा सांधा असेल, तर किलोत पन्नास-पंचावन्न चौरस फूट भागतात, म्हणजे दोन किलो पुरे. ते पाणी शोषत नाही आणि त्यावर बुरशी सहज धरत नाही.

मेहनत आहे ती जुनं खरवडण्यात. हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याला कापडी टेप गुंडाळून मूठ करा आणि टाइलच्या निम्म्या जाडीपर्यंत सांधा मोकळा करा. वरवर खरवडलं तर नवं ग्राउट पापुद्र्यासारखं निघतं. धूळ ब्रशने काढून बाथरूम एक दिवस पूर्ण कोरडं ठेवा. कालवलेलं इपॉक्सी अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा आणि टाइलवरचा थर ओला असतानाच पुसा. वाळला की तो निघता निघत नाही. त्यानंतर चोवीस तास पाणी नको.

भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा आणि कमोडची कड यांना ग्राउट नव्हे, बुरशीरोधक सिलिकॉन लागतं. नळकांडं दोनशे ते तीनशेला मिळतं. जुनं सिलिकॉन पूर्ण काढा, त्यावर नवं चिकटत नाही. जाता जाता नहाणी ट्रॅपची जाळीही बदला, दीडशे-तीनशेचं काम आहे. टाइलवर मारायच्या रंगाच्या जाहिरातींना मात्र भुलू नका. भिंतीवर तो एक वेळ टिकेल, पण रोज पाय आणि बादल्या फिरणाऱ्या जमिनीवर पोपडे सुटतात.

स्वतः केलं तर सामान दोन ते अडीच हजारांत बसतं. मेस्त्री लावला तर रोजाचे हजार-बाराशे धरा. दोन दिवसांचं काम आहे. बोलणी करताना ‘सामानु सेरि एष्टु?’ एवढं कन्नड विचारा, म्हणजे रक्कम सामानासकट आहे का ते तिथेच कळतं.

भाड्याच्या घरात असाल तर इपॉक्सीपर्यंत जाऊ नका. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली महिन्याचं भाडं कापून घेण्याची इथली पद्धत आहे, त्यात आणखी भर कशाला? लिंबूसत्त्व आणि सिलिकॉन एवढ्यावर भागवा. त्यापुढचा खर्च ओनरने करावा, आणि त्याचा होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

काम ठेकेदाराकडे दिलं, तर सामानाचा ब्रँड, क्षेत्रफळ आणि मुदत लिहिलेलं बिल मागा. बिल नसेल तर तक्रार उभी करणं अवघड जातं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला शुल्क लागत नाही.